लढाऊ विमानाचा मार्का कुणाचा?

सोलापूरच्या भवानी पेठेतल्या माणसाला नावाची किंमत समजावून सांगायला जाऊ नये. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन मिळालं ते महाराष्ट्रात सगळ्यांत आधी. दार्जिलिंगच्या चहापासून देशात ही यादी सुरू झाली आणि तिच्या अगदी सुरुवातीच्या नोंदींत सोलापूरची चादर आणि सोलापूरचा टॉवेल आहेत. एवढं होऊनही इथल्या कारखानदारांची तक्रार संपलेली नाही. पानिपतकडून आलेला माल 'सोलापुरी' लेबल लावून तुळजापूर-पंढरपूरच्या दुकानांत भाविकांच्या गळ्यात मारला जातो, असं ते सांगतात. सुती धागा, जेकार्डवर उमटलेला मोर आणि वर्षानुवर्षं टिकणारी वीण, एवढ्या सगळ्याची साक्ष कोपऱ्यात शिवलेलं बोटभर लेबल देतं. ते लेबल खोटं निघालं की गिऱ्हाईक फसतं आणि माग बंद पडतो.

त्याच बोळांत संध्याकाळी पोरं कट्ट्यावर मोबाइल आडवा धरून बसलेली असतात. तेलुगू-मराठीची सरमिसळ चालू असते आणि मधूनच 'एम फोर टाक की बे' अशी आरोळी येते. एम फोर म्हणजे गेममधली 'एम४१६' रायफल, हेक्लर अँड कॉख या जर्मन कंपनीच्या रायफलीवर बेतलेली. कार नाइन्टीएट ही दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन सैन्याची. यातलं एकही शस्त्र या पोरांनी डोळ्यांनी पाहिलेलं नाही, पण कुठलीला किती झटका बसतो हे त्यांना तोंडपाठ असतं.

अशा गेममध्ये दिसणाऱ्या खऱ्या बंदुका, हेलिकॉप्टरं, विमानं यांच्या नावाचे आणि आकाराचे पैसे मूळ कंपनीला मिळावेत का, हा वाद जगात दोन दशकांहून अधिक काळ चालू आहे. नावाची चोरी रोज सोसणाऱ्या गावानं कंपन्यांची बाजू घ्यावी, असं वरकरणी वाटतं. मला मात्र चादरीच्या न्यायानंच उलटं दिसतं. चादरीचं नाव जपायचं ते गिऱ्हाइकाची फसवणूक होऊ नये म्हणून. विमानाचं चित्र काढू न देण्यात किंवा काढल्याबद्दल पैसे मागण्यात कुठल्याच गिऱ्हाइकाचं रक्षण होत नाही. बोइंगचं विमान समजून कुणी चुकून गेम विकत घेत नाही.

बंदुकांच्या बाबतीत गेमवाल्यांनी पळवाट लवकर शोधली. १९९७ च्या 'गोल्डनआय' या जेम्स बाँडच्या गेममध्ये वॉल्थर पीपीके या पिस्तुलाचं 'पीपी७' झालं, एके-४७ चं 'केएफ७ सोव्हिएत' झालं, आणि एका बंदुकीला तर निन्टेन्डोतल्या एका माणसाच्या नावावरून 'क्लॉब' म्हणून टाकलं. 'काउंटर-स्ट्राइक'मध्ये एके-४७ 'सीव्ही-४७' होऊन वावरली. खेळणाऱ्यांना त्यानं काडीचा फरक पडला नाही, ते तिला एकेच म्हणत राहिले. विमानाचं तसं करता येत नाही. त्याची ओळख आकारात असते. २००४ साली 'पॅसिफिक फायटर्स' हा पॅसिफिक महासागरातल्या हवाई युद्धाचा गेम आला, तेव्हा नॉर्थ्रॉप ग्रुमन या अमेरिकी कंपनीनं आपल्या जुन्या विमानांवर आणि जहाजांवर हक्क सांगितला. ही विमानं साठ वर्षांपूर्वी अमेरिकी नौदलानं विकत घेतलेली, लढून मोडीत गेलेली. तरी प्रकरण मिटवावं लागलं आणि त्या मालिकेत ग्रुमनची नवी यंत्रं येणं थांबलं. इतिहासाचा एक तुकडा त्या गेममधून गळाला. प्लास्टिकची छोटी विमानं जोडण्याचा छंद असलेल्यांनाही याच सुमारास झळ लागली. खोक्यावर 'परवान्याने' असा शिक्का आला, किंमत वाढली, आणि न्यू जर्सीच्या एका खासदाराला अमेरिकी संसदेत विधेयक आणावं लागलं. त्याचं म्हणणं साधं होतं : विमान बनवायला लोकांनी पैसे दिले, मग त्याच्या खेळण्यासाठी लोकांनी पुन्हा का द्यावेत?

अमेरिकी न्यायालयांत दोन खटले गाजले. पहिल्यात गेम कंपनी स्वतःच आधी कोर्टात गेली. 'बॅटलफील्ड ३' मध्ये बेल कंपनीची तीन यंत्रं दिसत होती : एएच-१झेड, यूएच-१वाय आणि हेलिकॉप्टरासारखं उठून विमानासारखं उडणारं व्ही-२२ ऑस्प्रे. बेलची मालक असलेल्या टेक्स्ट्रॉनशी बोलणी फिसकटल्यावर, जानेवारी २०१२ मध्ये इलेक्ट्रॉनिक आर्ट्सनं 'हा आमच्या अभिव्यक्तीचा भाग आहे असं जाहीर करा' म्हणून दावा लावला. त्या वर्षी न्यायालयानं टेक्स्ट्रॉनचं म्हणणं सुरुवातीलाच फेटाळून लावायला नकार दिला, आणि पुढे तडजोड झाली. म्हणजे प्रश्न तसाच राहिला.

दुसऱ्या खटल्यात मात्र निकाल लागला, आणि तो नीट वाचण्यासारखा आहे. हम्वी ही अमेरिकी लष्कराची बसकी, रुंद गाडी. इराकच्या बातम्यांत तिला जगानं पाहिलं. ती बनवणाऱ्या एएम जनरलनं २०१७ मध्ये 'कॉल ऑफ ड्यूटी'च्या कंपनीवर दावा लावला : आमची गाडी, आमचं नाव, आमची परवानगी नाही. एएम जनरलनं लोकांची पाहणीही पुढे केली. सुमारे १६ टक्के लोकांचा गोंधळ होतो, असं तीत निघालं होतं. ३१ मार्च २०२० रोजी न्यूयॉर्कच्या संघराज्य न्यायालयात न्यायाधीश जॉर्ज डॅनियल्स यांनी दावा फेटाळला. एकजण लष्करांना गाड्या विकतो, दुसरा लोकांना खेळ विकतो, दोघांची दुकानं वेगळ्या बाजारात आहेत, हा त्यातला एक धागा. दुसरा अधिक मोलाचा आहे. खरेपणा हे कलाकृतीचं उद्दिष्ट असेल, तर खरी गाडी दाखवणं त्या उद्दिष्टाला धरूनच आहे. चित्रपटवाल्यांसाठी १९८९ साली आखलेली कसोटी इथे खेळाला लागू झाली. ती आखली गेली तेव्हा वाद होता नर्तिका-अभिनेत्री जिंजर रॉजर्स आणि फेलिनीच्या चित्रपटाचा.

यावर एक प्रतिवाद मला गंभीर वाटतो. गेम फुकट नसतो. खरी हम्वी, खरं ऑस्प्रे दिसतं म्हणून तो विकला जातो. मग दुसऱ्याच्या नावावर कमाई करणाऱ्यानं त्यातला वाटा द्यायला नको? चादरीचा कारखानदारही हेच म्हणेल. पण जरा थांबून बघा. पानिपतचा माल सोलापूरच्या नावावर खपतो, तेव्हा भवानी पेठेतल्या एका चादरीचा खप जातो. 'कॉल ऑफ ड्यूटी'ची एक प्रत खपली म्हणून एएम जनरलची एकही गाडी कमी खपली नाही. आणि ते नाव मोठं केलं कुणी? करदात्यानं गाडी घेतली, सैनिकानं ती वाळवंटात चालवली, वार्ताहरानं ती दाखवली. कंपनीनं ती चांगली बनवली हे खरं, पण त्याची किंमत लष्करानं मोजून दिलेली आहे.

पैसे मोजून काय मिळतं, हे बघायला नाशिकजवळ ओझरला जावं. १९६० च्या दशकात मिग विमानांसाठी तिथे कारखाना उभा राहिला. पुढे रशियाशी करार करून सुखोई-३० एमकेआय तिथे बनू लागली. त्या परवान्याचे पैसे दिले तेव्हा नकाशे आले, साचे आले, कुठला धातू किती तापवायचा याची माहिती आली, माणसं शिकली. गेमवाला परवाना घेतो तेव्हा त्याला यातलं काहीच मिळत नाही. विमानाचा त्रिमितीय सांगाडा त्यानं छायाचित्रं बघून स्वतः बनवलेला असतो. विकत घेतली जाते ती फक्त कोर्टकचेरी न होण्याची हमी.

भारतात या धर्तीचा, लष्करी सामग्रीवरचा खटला झालेला मला ठाऊक नाही. पण गेममध्ये ट्रेडमार्क वापरल्याचा एक मोठा खटला झाला आहे, आणि त्यात वादी होता खुद्द टाटा सन्स. ओडिशातल्या धामरा बंदराचा प्रकल्प तेव्हा टाटा स्टील आणि लार्सन अँड टुब्रो यांचा होता. जवळच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात. ग्रीनपीसनं २०१० मध्ये 'टर्टल व्हर्सेस टाटा' नावाचा खेळ इंटरनेटवर टाकला. जुन्या पॅकमॅनच्या चालीवर चक्रव्यूहात पळणारं कासव आणि त्याच्या मागे लागलेली भुतं, असा तो खेळ. त्यात टाटांचं वर्तुळातलं बोधचिन्ह ओळखू येईल असं होतं. टाटा सन्सनं दिल्ली उच्च न्यायालयात १० कोटींचा दावा लावला आणि खेळ थांबवायचा हुकूम मागितला. २८ जानेवारी २०११ रोजी न्यायमूर्ती रवींद्र भट यांनी तो नाकारला. चिन्ह वापरलं म्हणजे आपोआप उल्लंघन झालं असं नाही, ते टीकेसाठी वापरलं असेल तर त्याला जागा द्यावी लागते, असा त्या निकालाचा रोख.

ग्रीनपीस काही विकत नव्हती, गेम कंपन्या विकतात, असं कुणी म्हणेल. वर्तमानपत्रही विकतच मिळतं. आपला १९९९ चा व्यापारचिन्ह कायदा, कलम २९ च्या चौथ्या पोटकलमात, नामांकित चिन्हाला दुसऱ्या प्रकारच्या मालावरही संरक्षण देतो. पण कधी? ते वापरण्याला रास्त कारण नसेल आणि त्यातून गैरफायदा घेतला जात असेल किंवा चिन्हाच्या लौकिकाला बाधा येत असेल तेव्हा. माझ्या मते भारतीय वकिलानं पाय रोवायचे ते याच 'रास्त कारणा'पाशी. कारगिलचा खेळ बनवायचा तर बोफोर्स तोफ दाखवण्याला याहून रास्त कारण कुठलं असतं? ती तोफ बोफोर्स म्हणूनच लोकांच्या बोलण्यात आहे, तिच्या खरेदीचा घोटाळाही त्याच नावानं आहे. कंपनीला त्यातली एकच आठवण ठेवायची मुभा देता येणार नाही.

इथे मुद्दा पैशांच्या पलीकडे जातो. परवाना देणारा नुसते पैसे घेत नाही, अटीही घालतो. मोटारींच्या शर्यतीच्या गेममध्ये गाडी आपटली तरी फारशी चेमटत नाही, कारण आपली गाडी चक्काचूर झालेली दाखवायला मोटार कंपन्या राजी नसतात. हे लष्करी सामग्रीला लावून बघा. मिग-२१ चे अपघात हा आपल्या हवाई दलाच्या इतिहासाचा दुखरा भाग आहे, ते विमान सप्टेंबर २०२५ मध्ये निवृत्त झालं तेव्हाही त्याचा उल्लेख टळला नाही. 'रंग दे बसंती' याच विषयावर उभा होता, आणि २००६ साली प्रदर्शनापूर्वी तो संरक्षणमंत्र्यांना आणि दलप्रमुखांना दाखवावा लागला. तो सुटला, चांगला चालला, देश आहे तिथेच राहिला. पुढे २०२० मध्ये संरक्षण मंत्रालयानं सेन्सॉर बोर्डाला पत्र लिहून सैन्यावरच्या चित्रपट-मालिकांसाठी ना हरकत प्रमाणपत्राचा आग्रह धरला. आपल्याकडे तर विमान बनवणारी मोठी कंपनीच सरकारी आहे. तिच्या हातात ट्रेडमार्कचाही चाप दिला, तर दुसऱ्या दारानं आलेलं तेच ना हरकत प्रमाणपत्र ठरेल, आणि त्याच्यावर माहितीचा अधिकारही चालवता येणार नाही, कारण उत्तर येईल : हा व्यापारी करार आहे.

नावांचं म्हणाल तर तीही कंपन्यांनी कुठून आणली? पिनाक हे शंकराचं धनुष्य, आणि पुण्यातल्या पाषाणच्या प्रयोगशाळेत आखलेली रॉकेटांचा मारा करणारी यंत्रणा त्या नावानं ओळखली जाते. तेजस, अर्जुन, नाग, त्रिशूळ, सगळी आजीच्या गोष्टीतली. अगरबत्तीच्या पुड्यावर 'रामायण' हे नाव एकट्यानं बळकावता येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१५ मध्ये सांगितलं आहे. अगरबत्तीला जे नाही ते क्षेपणास्त्राला का असावं, असा प्रश्न निदान विचारायला हरकत नाही.

मे २०२५ मध्ये तर याचं ओंगळ रूप मुंबईतच पाहायला मिळालं. ७ मे रोजी 'ऑपरेशन सिंदूर' जाहीर झालं आणि त्याच दिवशी ते नाव ट्रेडमार्क म्हणून नोंदवायला अर्ज पडले. मनोरंजनाच्या वर्गात, म्हणजे चित्रपट, मालिका, खेळ ज्यात येतात त्या वर्गात. त्यांत रिलायन्सचा जिओ स्टुडिओजही होता. टीकेची झोड उठल्यावर, एका कनिष्ठ कर्मचाऱ्यानं अनवधानानं अर्ज केला होता असं सांगून कंपनीनं तो दुसऱ्या दिवशी मागे घेतला. तिकडे सीमेवर गोळाबारी चालू होती. लोकांना त्यात राष्ट्रभक्तीचा अपमान दिसला. मला त्याहून दुसरी गोष्ट खुपली : त्या चार दिवसांवर उद्या कुणी गोष्ट लिहिली, खेळ बनवला, तर आधी कुणा एकाच्या दारात उभं राहावं लागलं असतं. घटना सगळ्यांच्या, नाव एकाचं.

बंदूक-कंपन्यांना दिलेल्या पैशांचा आणखी एक पैलू आहे, तो आपल्याकडे क्वचितच बोलला जातो. 'मेडल ऑफ ऑनर : वॉरफायटर' या २०१२ च्या गेमच्या संकेतस्थळावरून थेट खऱ्या शस्त्रविक्रेत्यांच्या संकेतस्थळांवर जाता येत होतं. ओरड झाल्यावर ते दुवे काढले. त्याच डिसेंबरात अमेरिकेत सँडी हूकच्या शाळेत लहान मुलांचं हत्याकांड झालं. २०१३ मध्ये इलेक्ट्रॉनिक आर्ट्सनं जाहीर केलं की बंदूक-कंपन्यांना यापुढे पैसे द्यायचे नाहीत, पण खऱ्या बंदुका दाखवायचं थांबवायचं नाही. समीक्षकांनी याला दुटप्पीपणा म्हटलं. मला तो त्या कंपनीचा त्या काळातला सगळ्यांत सरळ निर्णय वाटतो. परवाना घेतला तर भवानी पेठेतल्या पोरानं यूसी, म्हणजे गेममधलं चलन, विकत घ्यायला बापाकडून उकळलेल्या शंभर रुपयांतला काही अंश परदेशातल्या शस्त्र-कारखान्यात जातो. परवाना न घेता दाखवलं तर ते निदान चित्र राहतं, जाहिरात होत नाही. हिंसेच्या खेळांबद्दल ज्यांना आक्षेप आहे त्यांनी परवान्याची मागणी करण्याआधी याचा हिशेब करावा.

आपल्याकडचे खेळ बनवणारे मात्र बिचकून असतात. पुण्याच्या सुपरगेमिंगनं 'इंडस' हा मोठा खेळ काढला तो विर्लोक नावाच्या कल्पित ग्रहावर, भविष्यातल्या हत्यारांसह. कल्पनेचं जग उभारणं हा त्यांचा हक्क आहे आणि ते काम हौसेनं केलेलं दिसतं. 'फौजी' या खेळात गलवानची झटापट आली तेव्हा सुरुवातीला बंदुकाच नव्हत्या, कारण त्या रात्रीही गोळी चालली नव्हती. पण १९७१, कारगिल, बालाकोट यांवर कुणाला खरोखर खेळ रचायचा असेल तर नॅट, मिराज, सुखोई नावानिशी लागतीलच. विमान ओळखीचं आणि नाव बनावट, अशा खेळात इतिहासाचं हसं होतं. हवाई दलानं स्वतः २०१९ मध्ये 'अ कट अबव्ह' काढला त्यात खरी विमानं होती. सरकारनं काढलेला तेवढा खरा आणि बाकीच्यांचे नावं चोरून, अशी विभागणी मला मान्य नाही.

म्हणून सगळंच मोकळं सोडावं, असंही मी म्हणत नाही. इथे सोलापूरचा दुसरा धंदा आठवतो. चादरीचे माग कमी होत गेले तसं हे शहर गणवेश शिवण्यात पुढे आलं. शाळा, दवाखाने, सुरक्षारक्षक यांचे कपडे इथून देशभर जातात, २०१७ पासून त्याची प्रदर्शनंही भरली. १५ जानेवारी २०२२ च्या सेनादिनाला लष्करानं ठिपक्याठिपक्यांच्या नक्षीचा नवा युद्धगणवेश दाखवला. निफ्ट या फॅशन संस्थेच्या मदतीनं तो आखला होता. त्याच वर्षी त्याचं डिझाइन लष्कराच्या नावावर नोंदलं गेलं आणि परवानगीशिवाय तो शिवणाऱ्यावर कारवाई होईल असं जाहीर झालं. एखाद्या कारखानदाराच्या कपाळाला आठी पडली असेल, कारण तसलं कापड चौकाचौकांत मीटरवर मिळतं. पण इथे मी लष्कराच्या बाजूनं आहे. २०१६ मध्ये पठाणकोटला अतिरेकी सैनिकी वेशात शिरले होते. कपडा कुणाच्या अंगावर आहे यावर तिथे पहाऱ्यावरच्या जवानाचा जीव ठरतो. लेबल जसं गिऱ्हाइकाला फसण्यापासून वाचवतं तसा हा हक्क त्या जवानाला वाचवतो.

आता तीच नक्षी एखाद्या खेळातल्या पात्राच्या अंगावर, वीस-पन्नास रुपयांची 'स्किन' म्हणून, विकली गेली तर? २००० चा डिझाइन कायदा ज्या वर्गाच्या वस्तूसाठी नोंदणी झाली त्या वर्गातल्या वस्तूंपुरताच मनाई करतो. पडद्यावरचं पात्र कपडा घालत नाही, ते कपड्याचं चित्र असतं. 'भारतीय सैन्याचा अधिकृत खेळ' असं खोटं लिहिलं तर त्याला १९५० चा बोधचिन्हं आणि नावांच्या गैरवापराचा कायदा आहेच, तो लावावा. तेवढं नसेल तर ती स्किन चालू द्यावी. मात्र त्याच गेमवाल्यानं चाहत्यांसाठी त्याच नक्षीचे शर्ट शिवून विकायला काढले, तर अक्कलकोट रोडवरच्या कारखानदाराला जो नियम आहे तोच त्याला लावावा.